भिंतीलगतचा पाचवा आवाज

माझ्या धाकट्या बहिणीचं, नेस्टचं, पावभट्टीवाल्या रॉबर्टशी लग्न झालं ते १९२६ साल. त्या लग्नात आमच्या चॅपलचा, म्हणजे गावच्या लहान प्रार्थनाघराचा, गायनवृंद गायला आणि माझा नवरा इडवल पहिल्यांदाच गाता गाता मध्ये थांबला. खोकला आला नव्हता, श्वासच संपला होता. लोकांना वाटलं, मेहुणीच्या लग्नात गहिवरला. इडवल कुणाच्या लग्नात गहिवरणारा माणूस नव्हता.

तो पाटीच्या दगडाच्या खाणीत, छपराखाली बसून दगड चिरायचा. सत्तावीस वर्षं. ती धूळ छातीत जाते आणि मग बाहेर येत नाही. ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांगितलं, झोपून राहा, चढ चढू नका, गाऊ नका. पहिल्या दोन गोष्टी त्याने निमूट ऐकल्या. तिसरीवर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

वृंद चालवायचे घड्याळवाले प्यू. चॅपलच्या मागच्या खोलीत स्वरांचा तक्ता टांगलेला असे. सर्वांत खाली डो, त्याच्यावर रे, मी, फा, सो, ला, टी आणि वर पुन्हा डो. प्यू छडी ठेवतील त्या पायरीवर आम्ही आवाज ठेवायचा. मला तेव्हा दुसरं काहीच वाचता येत नसे, तो तक्ता तेवढा येई. प्यूंचं शिकवणं थोडक्यात असे. खांदे उचलू नका, बरगड्या पसरा. हळू गा म्हणजे ढिलं गा असं नाही. विराम म्हणजे सुट्टी नव्हे, तिथेही मात्रा मोजा. आणि शेवटचा लांब सूर सगळ्यांनी मिळून धरा, पण श्वास एकेकट्याने घ्या.

हा श्वासाचा व्यवहार आमच्याकडे कोपराने चाले. बास, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजाचे पाच पुरुष, एका ओळीत उभे राहत. ज्याला श्वास हवा तो शेजाऱ्याला कोपर लावी. मी घेतोय, तू धर. मग तो पुढच्याला लावी. कोपर असं भिंतीपर्यंत जाई आणि परत फिरे. ऐकणाऱ्याला वाटे, एकच माणूस न थांबता गातो आहे. भिंतीलगत पाचवा इडवल.

वाद्याशिवाय गाताना आमचा वृंद दरवेळी अर्धा स्वर उतरायचा. गाणं संपलं की प्यू गुडघ्यावर नादकाटा आपटून कानाशी धरत आणि म्हणत, "आलात तळघरात." मार्चच्या स्पर्धेत त्यापायीच आम्ही दोनदा हरलो होतो.

इडवल अंथरुणाला खिळला त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी तालमीत शेवटच्या सुरावर बासांचा घोटाळा झाला. पाचवा माणूस नाही, कोपर कुठून परत फिरवायचं ते कुणाला उमगेना आणि चौघांनी एकदमच श्वास घेतला. सूर तुटायला हवा होता. तुटला नाही. खालचा डो तसाच राहिला, भिंतीच्या बाजूने, जरा खरखरीत. प्यूंनी नादकाटा लावला. मग पुन्हा लावला.

"उतरला नाही," ते म्हणाले.

"कोण धरून होतं रे?" टोकाच्या ग्विलिमने विचारलं. "मी तर माशासारखा तोंड उघडून उभा होतो."

"तू नेहमी तसाच असतोस," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

भिंतीकडून दुसरा उभा राहणारा हिउ तेवढा हसला नाही. बाहेर पडताना तो माझ्याजवळ आला. "कॅत्रिन, रागावू नकोस. मला उजवीकडून कोपर लागलं. भिंतीकडून. तिथे कुणी नव्हतं." त्याने मला बाही दाखवली, जणू तिच्यावर डाग पडला होता.

घरी इडवलपाशी शेजारच्या लोवरीकाकू बसल्या होत्या. "आलीस, बरं झालं गं. साडेसातला याने श्वास धरला तो सोडेचना. ओठ निळे पडले बघ. हलवला, हाका मारल्या. हा आपला पांघरुणावर बोटांनी मोजतोय."

साडेसातलाच आम्ही तो सूर धरला होता.

पुढच्या बुधवारी तेच झालं, शुक्रवारी तेच. वृंदात सूर टिकायचा आणि घरी माझा माणूस निळा पडायचा. तिसऱ्या वेळेनंतर दोन दिवस त्याला मटणाचं सारही गिळता येईना.

"तू तिथे येतोस का?" मी त्याला विचारलं.

"अंथरुणातून? पाय दिसतात का तुला बाहेर?"

"इडवल."

तो छताकडे बघत म्हणाला, "हिउ उतावळा आहे. घाईने श्वास घेतो. कुणी धरायला नको?"

"जीव जाईल तुझा."

"जाणारच आहे. इथे ओंडक्यासारखा पडून जाण्यापेक्षा तिथे कामाला तरी येऊ दे. तू मध्ये पडू नकोस."

मी प्यूंच्या दुकानात गेले. त्या जागी दुसरा कुणी उभा करा म्हटलं. ते डोळ्याला भिंग लावून कुणाचंतरी घड्याळ उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तो खालचा डो लागणारा दुसरा माणूस गावात नाही, कॅत्रिन. आणि खरं सांगायचं तर मला तो सूर हवाय. तुला काय करायचं ते कर. मी अडवणार नाही, विचारणारही नाही."

त्या बुधवारी मी बायकांची ओळ सोडली आणि भिंतीलगत जाऊन उभी राहिले.

"ओळ चुकली का गं?" ग्विलिम म्हणाला.

"नाही," मी म्हटलं.

प्यूंनी पाहिलं आणि सूर दिला.

माझा आवाज तितका खाली जात नाही. मी गप्प उभी होते. शेवटचा सूर आला आणि हिउचं कोपर माझ्या डाव्या हाताला लागलं. आता ते मी उजवीकडे द्यायचं. उजवीकडे भिंत होती आणि भिंतीच्या नि माझ्या मध्ये वीतभर जागा. तिथून ओल्या दगडाचा वास येत होता, चिरण्याच्या छपराखाली येतो तसा. मी कोपर हलवलं असतं तर कशाला तरी लागलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ते बरगडीला घट्ट धरलं आणि डाव्या कोपराने हिउचा इशारा त्यालाच परत दिला.

तेव्हा उजवीकडून मला कुणीतरी हलकेच डिवचलं. थोड्या वेळाने पुन्हा. मी तोंड मिटून मात्रा मोजत राहिले. तिसऱ्यांदा काही लागलं नाही. सूर उतरत गेला, सगळ्यांना ऐकू येईल इतका. प्यूंनी नादकाटा खिशातून काढलाच नाही.

घरी लोवरीकाकू मोजा विणत होत्या. "आज शांत आहे गं," त्या म्हणाल्या. इडवल झोपला होता. श्वास तोकडा, पण सारखा चालला होता. त्या जाताच त्याने डोळे उघडले.

"तू उभी होतीस तिथे."

"हो."

"मी दोनदा सूर मागितला."

तो कुशीवर वळला. त्यानंतर पाणी, औषध, दिवा, एवढेच शब्द तो माझ्याशी बोलला. गुणगुणलाही नाही. डॉक्टर म्हणाले होते, नाताळ बघणार नाही. त्याने नाताळ पाहिला, भाजलेलं बदक खाल्लं, दोनदा खुर्चीत बसला. मी प्रत्येक तालमीला भिंतीलगत उभी राहिले आणि मार्चच्या स्पर्धेतही. आमचा सूर अर्धा स्वर उतरला. चौथे आलो. ते दिवस मी त्याच्यासाठी मिळवले की माझ्यासाठी, हे मला अजून सांगता येत नाही.

माझा नवरा इडवल पॅरी ११ एप्रिल १९२७ रोजी, सोमवारी दुपारी, घरी वारला. तो सत्तेचाळीस वर्षांचा होता.