घासायचं नाही, टिपायचं

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा सासूबाई बाथरूममध्ये स्टुलावर ओल्या अंगाने बसल्या होत्या. त्यांचा एक हात अधू होता. त्यांची मुलगी साबण आणायला कोपऱ्यापर्यंत गेली होती; येऊन तीच त्यांना पुसणार होती.

तिच्या टेलर नवऱ्याने फोन ठेवला आणि बंद दाराबाहेरून सांगितलं,

"आई, ती रस्त्यात पडली. गेली."

आत स्टूल सरकलं. मग त्या म्हणाल्या,

"टॉवेल आत सरकवा."

त्या दिवसापासून त्या स्वतःच अंग पुसू लागल्या. घरभर पावडरचा वास येई. पुढे पावडरमधूनही दुसरा, आंबूस वास येऊ लागला, तेव्हा त्याने डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं.

"स्तनांखाली बुरशी झालीय," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "ओल राहते, वर पावडरचा चिखल. पावडर बंद. घासायचं नाही, टिपायचं. कोरडं झालं की क्रीमचा पातळ थर. बरं दिसलं तरी मध्येच सोडायचं नाही. कातडी फाटली तर मात्र ॲडमिट करावं लागेल."

"हॉस्पिटल नको," आतून आवाज आला. "तिथे गेलेलं माणूस परत येत नाही."

त्याने मऊ सुती कापड कापलं, हात धुतले आणि क्रीम घेऊन आत गेला. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

"बाई ठेवू का कामाला?"

"परकी बाई नको."

"मग मी लावतो."

"जावयाने? लोक शेण घालतील तोंडात."

"लोकांना कोण सांगतंय? आई, जन्मभर बायकांची मापं घेतली मी. नजर टेपवर असते."

"माझं कुठे घेतलंत? मी जुना ब्लाउजच पाठवायचे मापाला."

"म्हणून तर सगळे खांद्यात ओघळायचे."

सासूबाईंचे खांदे हलले. त्या रडताहेत असं त्याला वाटलं. पण त्या हसत होत्या. हसता हसताच त्यांनी चांगल्या हाताने बटणं काढली आणि डोळे मिटून घेतले.

कातडी लालभडक होती, कडेला बारीक पुटकुळ्या. त्याने कापड टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं.

"ती वारा घालायची," सासूबाई म्हणाल्या. "वर्तमानपत्राने."

त्याने वर्तमानपत्र घेतलं. तो वारा घालत राहिला. कोरडं झाल्यावर त्याने बोटाच्या टोकाने क्रीम लावलं आणि कातडीच्या घडीत सुती कापड ठेवलं.

उजवी बाजू झाली. डावी अजून राहिली होती.