राखेतली रेघ

कोराडीच्या वसाहतीतलं हॉकीचं मैदान राखेचं होतं. वीजकेंद्रातली राख आणून माणसांनीच ती पसरली, पाणी मारलं आणि रोलर फिरवला. रोज संध्याकाळी पाणी मारलं की सकाळच्या खेळाच्या खुणा त्यात दिवसभर टिकत. केंद्रातला फिटर रुपराव वसाहतीतल्या पोरींना हॉकी शिकवे आणि त्याची सगळी शिकवणी या खुणांवर चाले. सकाळी पोरी खेळत तेव्हा तो कामावर असे. दोनला पाळी सुटली की छत्री घेऊन मैदानात उतरायचा, वाकून वाकून रेघा वाचायचा आणि संध्याकाळी पोरींना त्यांच्या चुका सांगायचा. चेंडू कुठे उडाला, कोण घसरलं, कोण नुसतं उभं राहिलं, हे तो बिनचूक सांगे.

फेब्रुवारी १९७९ मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलींच्या विभागीय संघासाठी निवड चाचणी होती. अर्ज शनिवारी दोनपर्यंत नागपुरात पोचवायचा होता. 'खेळाडू चाचणीसाठी तयार आहे' या ओळीखाली शिकवणाऱ्याची सही लागत होती. रुपरावच्या मुलीला, जयवंताला, जूनमध्ये चौदावं संपत होतं. म्हणजे या गटातली ही शेवटची संधी. अर्ज त्यानं स्वतःच भरला होता, खेळाची जागा म्हणून 'सेंटर फॉरवर्ड' लिहून, म्हणजे सगळ्यांत पुढं राहून गोल मारणारी. तरुणपणी गिरणीच्या संघात तोही त्याच जागी खेळायचा. फक्त सही राहिली होती, आणि ती होत नव्हती.

कारण राखेत होतं. जयवंताच्या डाव्या बुटाला त्यानं टायरचा तुकडा ठोकला होता, त्यामुळे तिचं पाऊल लगेच ओळखू येई. मधल्या रेषेपासून तिची रेघ ताणलेल्या सुतासारखी निघे आणि गोलापुढच्या अर्धवर्तुळाशी येऊन थांबे. तिथून चेंडू डावीकडे जाई, तिची पावलं मात्र तिथंच. सोमवारी असंच, मंगळवारी असंच, शुक्रवारपर्यंत असंच.

पोरगी ऐन वेळी घाबरते आणि चेंडू हिसकावला जातो, असा निष्कर्ष काढून शुक्रवारी त्यानं बायकोला, वच्छलाला, सांगितलं की यंदा नको. अनोळखी पोरींसमोर हसं व्हायचं.

वच्छला रोज सकाळी मैदानाशेजारच्या नळावर पाणी भरायची. हंडा खाली ठेवून ती म्हणाली, "तुम्ही रोज राख पाह्यता. पोरीले कवा पाह्यलं?"

रुपरावनं शनिवारची पाळी बदलून घेतली. शनिवारी तो सकाळीच मैदानावर हजर झाला.

गोलाजवळ स्टुलावर मारोतराव बसले होते. एके काळी ते दुसऱ्या गिरणीच्या संघाचे गोलरक्षक होते. आता वसाहतीच्या शाळेत शिपाई. त्यांनी रुपरावला शेजारी बसवून घेतलं.

जयवंता चेंडू घेऊन निघाली. अर्धवर्तुळाशी दोघी तिच्या अंगावर आल्या. तिनं चेंडू जागच्या जागी थांबवला, मान वर केली आणि डावीकडे ढकलला. तिकडून ठेंगणी शोभा धावत आली आणि गोल. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा दोघी शोभालाच अडवायला गेल्या, तेव्हा जयवंतानं स्वतःच मारला. तोही आत गेला.

रुपरावनं तिला जवळ बोलावून विचारलं, "दर वेळी काहून थांबतं वं?"

"शोभा मोकळी राहते, बाबा."

"अन् तिथं शोभा नसली तं?"

जयवंतानं मैदानाकडे हात केला. "दहा जणी राहतीन ना माह्यासंगं. एखादी तं मोकळी सापडन."

मारोतराव स्टुलावर हलले. "रुपराव, तुह्या पावलांच्या खुणा मले अजून पाठ हायेत गा. मधातून निघाल्या का सरळ माह्या पॅडपर्यंत. अन् चेंडू माह्यापाशी. वीस सामने झाले आपले, तू कोणाले पास देल्ला का एक तरी?"

"दोन देल्ले," रुपराव म्हणाला.

"एक देल्ला. दुसरा निसटला होता."

पोरी हसल्या. रुपरावही हसला, पण जरा उशिरा. खिशातून अर्ज काढून त्यानं 'सेंटर फॉरवर्ड' खोडलं, मधून चेंडू वाटणारीची जागा, 'सेंटर हाफ', लिहिली आणि सही केली. मग अकराची बस गाठायला मैदानातूनच आडवा निघाला.

थोड्या वेळानं वच्छला नळावर आली, तेव्हा तिला राखेत नवऱ्याच्या चपलांची रेघ दिसली. रेघ बसथांब्याकडे सरळ निघाली होती, मैदानाच्या मध्यावर थांबली होती आणि तिथून डावीकडे, शोभाच्या घराकडे वळली होती. चुकला तर असावा म्हणून आणलेल्या कोऱ्या अर्जावर शोभाची जन्मतारीख लिहून घेण्यात अकराची बस गेली.

रुपराव बाराच्या बसनं गेला. खिशात दोन अर्ज होते.