उन्हाचं ताट

शहराच्या जुन्या भागातलं पाणीपुरवठ्याचं गोल पंपघर आता हॉटेल झालं होतं, आणि तिथल्या पहिल्यावहिल्या दुपारच्या जेवणाला मोठीने धाकटीला सहकुटुंब बोलावलं होतं. सहकुटुंब म्हणजे धाकटी, तिचा नवरा आणि बापाच्या खांद्यावर लाळ गाळत बसलेला भुंगा. दूध पिताना नाकातून गुणगुण करतो म्हणून भुंगा.

दोघी बहिणी आर्किटेक्ट. पंपघराचं काम आलं तेव्हा दोघींनी मिळूनच घेतलं होतं. रिकाम्या घुमटाखाली दोघी टेप धरून फिरल्या होत्या, धाकटी पोट सावरत, मोठी तिला ओरडत. भिंतीत ओळीने मोठे कोनाडे होते, माणसं बसतील एवढे. एकीने एका कोनाड्यात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजावं आणि पार समोरच्या कोनाड्यात भिंतीला टेकलेल्या दुसरीला ते कानात सांगितल्यासारखं ऐकू यावं, अशी त्या गोल भिंतीची खोड होती. मोजमापं राहिली बाजूला, दोघी नुसत्या हसून हसून दमल्या होत्या.

मग भुंगा झाला. धाकटी घरी राहिली, मोठी कामावर. त्यात कुणाचीच चूक नव्हती, आणि नेमकं तेच धाकटीला सहन होत नव्हतं. चूक असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

धाकटीने आत पाऊल टाकलं. सुंदर झालं होतं. कुठेतरी फसलेलं असावं, एखादी पायरी वाकडी, एखादा दिवा भलत्या जागी, म्हणून तिने डोळे फाडून शोधलं. काही म्हणजे काही सापडेना. पाण्याचे जाडजूड जुने नळ घासून तसेच भिंतीवर ठेवले होते आणि माथ्यावर तो झरोका होता. इंजिनियर म्हणाला होता बुजवून टाका. धाकटीच हट्टाला पेटली होती, की काच बसवा, पण उघडा ठेवा. त्यातून उन्हाचा एक गोल तुकडा खाली पडला होता आणि टेबलांवरून गोगलगायीसारखा सरकत होता.

"आलीस!" मोठी लगबगीने आली. "जेवण कसं वाटतंय ते खरं खरं सांग हं." आणि भुंग्याचा गालगुच्चा घेऊन तशीच पाहुण्यांत मिसळली. काळा झुळझुळीत पोशाख, केस विंचरलेले. धाकटीने स्वतःच्या केसांवरून हात फिरवला तर बोटांना भुंग्याचं सकाळचं खिमट लागलं.

त्यांना कोनाड्यातलं टेबल मिळालं. वेटरने परातीएवढ्या पांढऱ्या बशीत एक गाजर आणून ठेवलं. शेजारी हिरव्या रसाचे ठिपके.

"हे जेवण आहे की जेवणाचा नकाशा?" नवरा हळूच म्हणाला.

एरवी ती खळखळून हसली असती. पण तेवढ्यात हॉटेलच्या मालकीणबाई मधोमध उभ्या राहून बोलायला लागल्या होत्या. ऊन नेमकं त्यांच्या पायाशी होतं. "आमच्या आर्किटेक्टबाईंची ही कमाल," त्यांनी मोठीकडे हात केला, "आणि पायाशी पडलेल्या या उन्हाला नाव तरी काय सुरेख दिलंय त्यांनी! उन्हाचं ताट!"

टाळ्या झाल्या. मोठीने मान लववली.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. तो शब्द तिचा होता. झरोक्यावरचा पत्रा काढला त्या दिवशी धुळीत ऊन पडलं, आणि भुकेने कासावीस झालेली ती म्हणाली होती, "ताई, बघ, उन्हाचं ताट वाढलंय."

भुंग्याला भूक लागायला हाच मुहूर्त सापडला. तिने त्याला घेतलं, भिंतीकडे तोंड केलं, शाल ओढली आणि पाजायला बसली. भुंगा गुणगुणू लागला. तिच्या पाठीशी नवरा गाजर कापत होता. ती भिंतीकडेच बघत, दात ओठ खात, त्याला म्हणाली,

"बघितलंस? हिला शब्दसुद्धा माझेच लागतात. झरोका माझा, नाव माझं आणि माना ही लववतेय. उद्या माझं पोर नेऊन मधल्या टेबलावर ठेवील आणि म्हणेल, हेही मीच घडवलंय."

"अगं, हळू," नवरा म्हणाला.

"हळूच बोलतेय. कोण ऐकतंय इथे?"

"मी," भिंत म्हणाली.

धाकटीने मान वळवून खांद्यावरून पाहिलं. पार समोरच्या कोनाड्यात मोठी एकटी बसली होती, दमून भिंतीला डोकं टेकून. तिने इकडे बघितलं नाही.

"पोर तुझंच राहू दे, चिंगे," भिंतीतून आवाज आला. "नाव मात्र चोरलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं तरी धाकटी मागे हटेना. "का?"

"दुसरं सुचेना म्हणून. 'प्रकाशवलय' सुचलं होतं. एखाद्या चष्म्याच्या दुकानाचं नाव वाटतं ते. शेवटी तुझं सांगितलं. तुझं आहे हेही सांगणार होते, पण मालकीणबाई इतक्या खूश झाल्या, की गिळलं मी."

"गिळलंस?"

"गिळलं. तुला असलं चालता-बोलता सुचतं. मी रात्र रात्र नकाशे घासते. एक दिवस वाटलं, मला सुचलंय असं वाटू दे लोकांना."

धाकटीला हसूही येत होतं आणि राग तसाच होता. "मग आता ओक," ती म्हणाली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पेल्यावर चमचा वाजला.

"मला एक चूक दुरुस्त करायचीय," मोठी सगळ्यांना म्हणत होती. "तो झरोका राखला माझ्या धाकट्या बहिणीने. उन्हाचं ताट हे नावही तिचंच. मी नुसते खिळे ठोकून घेतले. ती बघा, तिकडे बसलीय."

घुमटभर टाळ्या घुमल्या. एवढे महिने ज्या क्षणासाठी धाकटी झुरली होती तो असा समोर आला, आणि तिचं तोंड भिंतीकडे. शालीखाली भुंगा चिकटलेला. वळायची सोय नव्हती. तिने मोकळा हात डोक्याच्या वर करून पाठमोराच हलवला. लोक हसले, टाळ्या वाढल्या.

"कमाल आहेस," नवरा म्हणाला. "पाठीने सत्कार घेणारी पहिलीच."

भुंग्याचं झाल्यावर मोठी टेबलाशी आली. दोघींचे डोळे भरलेले, आणि दोघीही गाजराकडे बघत होत्या.

"दे त्याला. तू जेव गरम गरम."

धाकटीने पोर दिलं. मोठीने खांद्यावर टाकलं, पाठीवर थोपटलं, आणि घरी तास तास झुलवून न झोपणारा भुंगा ढेकर देऊन तिथल्या तिथे झोपला. उन्हाचं ताट सरकत सरकत दोघांवर आलं. मावशीच्या काळ्या पोशाखावर भाच्याचा गुलाबी कान दिव्यासारखा पेटला.

शेजारच्या टेबलावरच्या बाई वाकून मोठीला म्हणाल्या, "अगदी तुमच्यावर गेलंय हो बाळ!"

मोठीने घाईघाईने धाकटीकडे पाहिलं. "मी काही बोलले नाहीये हं!"

धाकटीने काटा खाली ठेवला.

"आण त्याला इकडे, ताई. त्याला डावा खांदा नाही चालत."

भुंगा डाव्या खांद्यावर तोंड उघडं टाकून घोरत होता.