मी, सोनमच्या मापाची नसलेली रॅकेट

‘भंडारा लागलेली वस्तू बदलायची न्हाई. आन् का, ते इचारायचं न्हाई.’

वडगाव रासाईतल्या भैरू आबांच्या घरात हा नियम आहे. विळ्याला, मोटारीच्या पान्याला, ट्रॅक्टरला, आणि गेल्या खंडेनवमीपासून मलाही. मी टेनिसची रॅकेट बोलतेय. हा नियम कानावर पडला तेव्हा मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. ज्या मुलीसाठी मला आणलं, तिच्या मी मापाची नव्हते. हे मला कळत होतं, तिला कळत होतं. ज्यांना कळत नव्हतं त्यांनीच ठरवून टाकलं.

मी कार्बनची. साच्यातून निघाले तेव्हाच माझा स्वभाव पक्का झाला. अंगानं हलकी, तोंडानं मोठी. ज्याचा हात थोडासाच फिरतो, त्याला मी माझा जोर देते. त्यानं चेंडू नुसता टेकवला तरी मी तो जाळीपलीकडे धाडते. पण ज्याचा हात मुळातच लांब आणि जोरात फिरतो, त्याचा चेंडू माझ्यामुळे रेषेबाहेर जातो. त्याला जड, लहान तोंडाची, चेंडूला आवरणारी रॅकेट लागते. यात लपवण्यासारखं काही नाही. विकत घेताना फक्त विचारायचं असतं.

पुण्याच्या दुकानात दुकानदारानं विचारलंही होतं. आबांची नात सोनम आणि तिचे साहेबराव मामा आले होते. मामा शिरूरजवळच्या एका कंपनीत सुपरवायझर. कंपनीच्या कॉलनीत कोर्ट आहे, तिथं ते साहेब लोकांबरोबर खेळतात. सोनमला टेनिस त्यांनीच दाखवलं, हे मी नाकारत नाही. पण एकदा दाखवलं म्हणून पुढं जन्मभर तिचं सगळं आपणच बघायचं, अशी त्यांची समजूत झाली होती.

“मॅडम मागच्या रेषेवरून खेळतात की जाळीजवळ येऊन?” दुकानदारानं विचारलं. “हात किती फिरतो?”

“मुलगी हाय,” मामा म्हणाले. “हलकी द्या.”

सोनमनं तोवर माझ्या शेजारची काळी रॅकेट उचलली होती. जड, लहान तोंडाची. तिनं ती खांद्यापासून फिरवली आणि तिचा चेहरा खुलला. दुकानदार म्हणाला, “ही घरी नेऊन चार दिवस खेळून बघा. नाही जमली तर परत आणा.”

“आमी काय भाड्यानं न्यायला आलोय व्हय?” मामांनी ती काळी रॅकेट तिच्या हातातून काढून जागेवर ठेवली. “हात दुखंल तुझा. मला अनुभव हाय.” मग त्यांनी मला उचललं, कोपरापासून दोनदा हलवलं आणि खूश झाले. खूश होणारच. मी त्यांच्याच मापाची होते. ते स्वतःसाठी रॅकेट घेत होते आणि भाचीसाठी घेतोय असं सांगत होते.

सोनम म्हणाली, “मामा, पण खेळणार मी आहे.”

“म्हणून तर आलो तुझ्यासंगं,” मामा म्हणाले.

घरी आणलं त्याच आठवड्यात खंडेनवमी होती. आबांनी मला विळे आणि पान्यांच्या मधे पाटावर मांडलं. आबांच्या वडिलांपर्यंत या घरात मेंढरं होती. आता ऊस आणि कांदा आहे, पण खंडोबा तोच आहे. आबांनी माझ्या तारांवर बेल ठेवला, चिमूटभर भंडारा दाबला आणि तो नियम सांगितला. हळद माझ्या भोकाभोकांत शिरली. पुढं कितीतरी दिवस सोनमचा पांढरा टी-शर्ट पिवळा व्हायचा. आई गिताबाई तो धुताना पुटपुटायच्या, पण आबांना ऐकू जाणार नाही एवढंच.

पूजेनंतर मला ओसरीतल्या खुंटीवर लटकवलं. त्या खुंटीवर आधीच एक गोफण होती. सोनम लहान असताना ज्वारीच्या रानात माळ्यावर उभी राहून पाखरं राखायची, तेव्हाची. आबांनी ती तिच्यासाठी वळली होती. वळताना तिचा हात सरळ करायला लावून दोरी तिच्या खांद्यापासून मोजली होती. थोरल्या नातवाची गोफण तिनं मागितली, तेव्हा आबांनी दिली नव्हती. म्हणाले होते, “दुसऱ्याच्या मापाची गोफण फिरवलीस तर दगड कुठंबी जाईल.” गिताबाई ही गोष्ट कौतुकानं शेजारणींना सांगायच्या. मी खुंटीवरून ऐकायचे आणि जळायचे. एवढं ज्याला कळतं, त्या माणसानं मला भंडारा लावला होता.

सोनमचा हात गोफणीनं घडला आहे. तिची सर्व्हिस खांद्यापासून येते, पाठ वळते, सगळं अंग त्यात असतं. माझ्या तोंडावर चेंडू आपटला की मी शहारायचे आणि चेंडू मागच्या जाळीला जाऊन लागायचा.

“हळू मार की,” मामा ओरडायचे. “एवढा हात कशाला फिरवतीस? पोरीच्या जातीनं खेळ नाजूक ठेवावा.”

मग ती हात आखडायची. चार माणसांत बोलताना आवाज दाबावा लागतो, तसा ती फटका दाबायची. चेंडू आत पडायचा आणि समोरची पोरगी तो आरामात परतवायची. मामा टाळ्या वाजवायचे. मला त्या टाळ्यांची चीड यायची. कॉलनीतल्या बाकावर बसलेल्या माणसांना चेंडू आत पडलेला दिसतो, खेळ मेलेला दिसत नाही.

उन्हाळ्यात तिचं कोपर धरलं. माझ्यासारख्या हलक्या रॅकेटला जोराचा धक्का पचत नाही, तो सरळ हातात जातो. गिताबाई आंबेहळद लावायच्या. “मामाला सांगू का?” त्यांनी एकदा विचारलं.

“नको. म्हणतील, मी सांगितलं होतं, हात दुखंल.”

“मंग आबांना?”

“आबा म्हणतील, खेळ सोड.”

आबांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं. कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. दौंडला विद्यापीठाच्या संघाची निवड होती. नाव लागलं तर खेळ चालू. “न्हाई लागलं तर रॅकेट खुंटीला,” आबा म्हणाले होते, “आन् आमी पाव्हणं बघायला मोकळं.”

निवडीच्या दिवशी आबा आणि मामा दोघंही दौंडला आले. मामांनी टोपी घातली होती. आबांनी फेटा बांधला होता आणि येताना माझ्यावर पुन्हा भंडारा टाकला होता. सकाळचा सामना सोनम माझ्याबरोबर खेळली. जोरात मारलं की बाहेर, हळू मारलं की समोरचीच्या पायाशी. ती हरली. दुपारी एक सामना उरला होता आणि तो हरून चालणार नव्हतं.

मधल्या वेळेत दौंडचीच पूनम तिच्याजवळ आली. स्पर्धांमधून त्यांची ओळख झाली होती. तिच्याकडं दोन रॅकेटी होत्या, दोन्ही जड.

“तुझा हात बघितला मी,” पूनम म्हणाली. “ह्या पंख्यानं काय खेळतीस? वारा घेत बसायचंय का?”

मला पंखा म्हटल्याचं वाईट वाटलं नाही. एवढ्या दिवसांत माझ्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदा खरं बोललं होतं. सोनमनं पूनमची रॅकेट घेतली आणि मागच्या कोर्टवर चार सर्व्हिस मारल्या. आखडून नाही, अख्ख्या हातानं. चारही आत पडल्या. मी बाकावरून बघत होते. असा आवाज माझ्या तारांतून एकदाही निघाला नव्हता.

सामन्याची हाक आली. आबांनी मला उचललं आणि तिच्यापुढं धरलं. “घे. भंडारा हाय हिच्यावर.”

“आबा, हिच्यानं मी खेळणार न्हाई.”

“काय म्हणलीस?”

“ही रॅकेट चांगली हाय. पण ही मामांची हाय. त्यांचा हात कोपरापासून फिरतो, त्यांना ही शोभती.”

“अगं, अनुभवाचं ऐकावं,” मामा म्हणाले. “ती जड हाय. हात दुखंल तुझा.”

“दुखतोय, मामा. उन्हाळ्यापासून दुखतोय, हिच्यामुळं.” तिनं बाही वर करून सुजलेलं कोपर त्यांच्यापुढं धरलं. “दुकानात त्या माणसानं विचारलं, ही कशी खेळती. तुम्ही सांगितलं, मुलगी हाय. ते काय उत्तर झालं का?”

मामांनी टोपी काढली आणि परत घातली.

“सोनम,” आबा म्हणाले, “भंडारा लागलेली वस्तू बदलत न्हाईत. का, ते इचारायचं न्हाई.”

“का ते मी इचारतच न्हाई, आबा. मी न्हाई म्हणतीय.” तिचा आवाज चढला नव्हता, पण दबलेलाही नव्हता. “माझी गोफण तुम्ही वळली तवा दोरी कुणाच्या हातावर मोजली होती?”

 तिनं मला आबांच्या हातातून घेतलं, मामांच्या मांडीवर ठेवलं आणि पूनमची रॅकेट घेऊन कोर्टवर गेली.

मी आता मामांकडं असते. त्यांच्या हातात मी नीट चालते, आणि तरी ते मला आवडत नाहीत. तुम्ही कुणासाठी काही निवडायला निघालात, तर आधी त्याला हात फिरवू द्या आणि तेवढा वेळ गप्प बसा. माझं एवढंच मागणं आहे, आणि ते मी हात जोडून मागत नाही.

त्या दुपारी पहिली सर्व्हिस सोनमचीच होती. तिचा हात खांद्यापासून वर गेला, पाठ वळली आणि चेंडू रेषेच्या आत पडून समोरचीच्या बाजूनं निघून गेला. समोरचीनं रॅकेट हलवलीसुद्धा नाही. बाकावर मामांनी सवयीनं ‘हळू’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी आबांकडं पाहिलं. त्यांनी आपला उजवा हात सरळ पुढं धरला होता आणि डाव्या हाताची बोटं खांद्यापासून मनगटापर्यंत हळूहळू मोजत नेली. दुसरी सर्व्हिस पडली, तिसरी पडली.