बंद तोंडाचे जॅक आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी पक्कड आहे. खिळे उपटणारी नव्हे बरं का! नेटच्या वायरीच्या टोकाला पारदर्शक जॅक असतो ना, तो दाबून बसवणं हे माझं काम. जबडा घट्ट, स्वभाव तिखट. लातूरचा मृत्युंजय वायरी जोडत औशापासून धर्माबादपर्यंत मला घेऊन हिंडला. "ही हाय म्हणून माझं दुकान हाय," असं तो चारचौघांत सांगायचा, तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचे.

जॅक दोन तऱ्हेचे. एक बंद तोंडाचा. आठ तारा आत गेल्या की पुढे भिंत. दुसरा आरपार; तारांची टोकं पुढून बाहेर येतात, रंगांचा क्रम दिसतो, काम झटपट होतं. पण ती टोकं साफ कापायला पकडीला पातं लागतं आणि मला ते नाही. म्हणून मृत्युंजयनं बंद तोंडाच्या जॅकचा डबा वेगळा केला होता. त्यावर आळशासारखा एकच शब्द लिहिला होता: 'बंद'.

मागच्या महिन्यात बुद्धप्रियाताईंच्या कॉम्प्युटर सेंटरात नर्सभरतीची परीक्षा होती. उमेदवार जागेवर बसले आणि त्यांतल्या पंचफुलाच्या मशीनचं नेट गेलं. उंदरानं जॅकच कुरतडला होता. दुसरं मशीन रिकामं नव्हतं. वायरी सांभाळायला मृत्युंजय तिथं होताच.

"दादा, माझं वय संपून राहिलं," पंचफुला म्हणाली. "पुढच्या भरतीला मला बसू देणार न्हाईत."

मृत्युंजयच्या पिशवीत आरपारच जॅक होते. त्यानं तेच घेतले. नको रे बाबा, असं मी कळवळून म्हणत होते, पण पकडीचं कोण ऐकतो! ब्लेडनं कापूनही टोकं जराशी बाहेर राहिली आणि एकमेकांना भिडली. मशीनवरचा नेटचा दिवा लागला, विझला. दुसरा जॅक लावला, तीच गत. पेपर सुरू व्हायची घंटा झाली.

"ताई, इथं ठेवलेला 'बंद'चा डबा कुठं हाय?"

"ते बंद हायत म्हणून मी भंगारात टाकले की."

"अवं, बंद म्हंजी बंद तोंडाचे. बिघडलेले न्हाईत."

ताई जिन्याखाली धावल्या. भंगाराचं पोतं उलटं केलं, तेव्हा डबा सापडला.

मृत्युंजयनं तारा आत सारल्या आणि मला धरलं. माझा सांधा गंजलेला, तो करकरला. मला धडकी भरली. आज मी दगा दिला असता, तर त्या पोरीची कित्येक वर्षांची मेहनत मातीत गेली असती. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. कट्! दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. पंचफुलाला डोळे पुसायलाही सवड नव्हती; ती प्रश्न वाचू लागली.

आता मृत्युंजयकडे पातं असलेली नवी पक्कड आहे. मी ताईंच्या खणात पडून असते. कधी राग येतो, कधी रडू येतं. मित्रांनो, जुन्या वस्तूला तेलाचा एक थेंब द्या. आणि तिच्यावर काही लिहायचंच असेल, तर पुरतं लिहा.

काल खण आवरताना ताईंनी माझ्यासाठी चिठ्ठी घेतली, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी लिहिलं, 'जुनी आहे. चालू आहे.'