दहा कड्यांची दोरी

मी एक जुनी दोरी आहे. विहिरीची नाही, कपडे वाळत घालायची नाही, गुरं बांधायची तर नाहीच. माझ्या अंगावर मुठीएवढ्या कापडी कड्या आहेत. एका कडीत एक मूल, अशी मी वर्षानुवर्षं पाळणाघरातल्या मुलांना रस्त्यावरून नेत-आणत आले. मित्रांनो, दोरीला आपली गोष्ट सरळ सांगता येत नाही. मध्येच गाठ येते. एके ठिकाणी तर मी कापलेली आहे. तिथे थोडं थांबा, पुढचं टोक हाती लागेल.

पहिली कडी, लाल

माझा जन्म तंबू शिवणाऱ्याच्या दुकानात झाला. एका मोठ्या तंबूतून उरलेला दोर, एवढीच माझी ओळख होती. पाळणाघरात मुलं सांभाळणारी ताई मला मागायला आली तेव्हा तंबूवाले आजोबा कात्री शोधत होते. ती त्यांच्या मांडीखालीच होती.

"किती कड्या लावू?"

"दहा."

"अकरा लावतो. कापड उरलंय. एक जादा असली तर काय बिघडतं?"

"नको, आजोबा, दहाच. एका ताईमागे दहा मुलं, असा सरकारी नियम आहे."

"आणि अकरावं आलं तर?"

"तर दुसरी ताई द्यायची, असं लिहिलंय."

आजोबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मग वर कोणीतरी स्वतः पोरं सांभाळलेलं माणूस बसलेलं दिसतंय!"

दुसरी कडी, हिरवी

हिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ही कायम ओली असे. ज्याला चोखायची सवय, त्याला ही मिळायची.

तिसरीपासून दहावीपर्यंत

आमच्या पाळणाघरात दोन खोल्या होत्या. एक झोपायची, एक जागायची. मागे स्वयंपाकघर आणि तिथे मावशी, म्हणजे मुलांचं जेवण रांधणारी बाई. आई-बापांकडून थोडीशी फी घेत, बाकीचा खर्च सरकार करी, म्हणजे सगळ्यांच्या करातून होई. म्हणून रुग्णालयातली परिचारिका आणि तिथलीच फरशी पुसणारी, दोघींची मुलं एकाच चटईवर झोपत आणि एकमेकांच्या अंगावर पाय टाकत.

सकाळी दहाला आम्ही बागेत जायचो. ताई माझं पुढचं टोक धरायची. मुलं आपापली कडी पकडायची. रस्ता ओलांडताना गाड्या थांबत, लोक कौतुकाने म्हणत, "काय शिस्त आहे बघा!" मित्रांनो, शिस्त-बिस्त काही नव्हती. कडी सोडली तर शेजारचा आपला रंग पळवेल, एवढीच काय ती धास्ती.

माझ्यावर कितीतरी मुलं दहापर्यंत मोजायला शिकली. दर कोपऱ्यावर ताई वळून पाहायची आणि दहाही ओळखीचे चेहरे तिच्या एका नजरेत मावायचे. ती तेव्हा मोजत नसे. तिला मोजावं लागत नसे.

गाठ

पाळणाघराच्या दारावर एक यादी लावलेली असे, जागेची वाट पाहणाऱ्यांची. ती दरवर्षी लांबत गेली. यादीत वरच्या नावांत एका बसचालक बाईचं नाव होतं. ती दर आठवड्याला गणवेशातच येई आणि दारात उभी राहून विचारी, "ताई, सरकलं का माझं नाव?"

"नाही हो अजून."

"माझ्या गाडीतसुद्धा माणसं सरकतात. तुमची यादीच तेवढी सरकत नाही."

तिची अडीच वर्षांची मुलगी शेजारच्या आजींकडे राहायची. आजी प्रेमळ होत्या, पण दुपारी गाढ झोपायच्या. एकदा ती मुलगी एकटीच जिना उतरून रस्त्यावर आली होती. तेव्हापासून गाडी चालवताना त्या बाईचं निम्मं लक्ष आजींच्या झोपेवर असे.

मग परिपत्रक आलं. एका ताईमागे दहाऐवजी सोळा मुलं घ्यावीत. नवीन ताईचं पद नाही, कारण तरतूद नाही. पण यादीतले सहाजण उद्यापासून घ्या.

मी ताईला दोष देत नाही. दारात सहा आया उभ्या होत्या. तुम्ही असता तर काय म्हणाला असता, "परत जा"?

ताईने जुन्या पडद्याच्या सहा कड्या शिवल्या, दुसरा दोर आणला आणि माझ्या शेपटीला घट्ट गाठ मारून जोडला. मावशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "अगं, दोरी वाढवलीस. हात कुठून वाढवशील?"

अकरावी बारावी तेरावी चौदावी पंधरावी सोळावी

आता ताई पुढे आणि तिच्यामागे सोळाजण आणि एकाची चप्पल निघते म्हणून सगळे थांबतात आणि ती घालेपर्यंत दुसऱ्याला शू येते आणि पुढचे बागेत पोचलेले असतात तेव्हा मागचे अजून कोपऱ्यापलीकडे असतात आणि माझं शेपूट ताईला दिसत नाही आणि मावशी येऊ शकत नाही कारण तिला आता सोळा ताटं वाढायची आहेत आणि ताई पुढूनच ओरडते, "सगळ्या कड्या भरल्यात का?" आणि सोळाजण ओरडतात, "भरल्या!"

अशी ताई चेहरे बघायची सोडून कड्या मोजायला लागली.

चौदावी कडी

बसचालक बाईची मुलगी चौदाव्या कडीत असायची. तिला सगळे खिसा म्हणत. खडे, बिया, बाटलीची झाकणं, वाटेत दिसेल ते तिच्या फ्रॉकच्या खिशात जाई. पंधरावीत पैलवान होती. वय दोन वर्षं, गाल असे की डोळे मधूनच दिसत. तिने एकदा काही धरलं की सुटत नसे.

त्या दिवशी बागेतून परतताना कोपऱ्यावर खिसाला काहीतरी चमकताना दिसलं. ती फार जबाबदार मुलगी होती. कडी नुसती सोडून देणं तिला पटलं नाही.

"हे धर जरा," ती पैलवानला म्हणाली.

पैलवानने दुसऱ्या हातात चौदावी कडी धरली.

"सगळ्या कड्या भरल्यात का?" ताईने पुढून विचारलं.

"भरल्या!"

सगळ्या खरंच भरल्या होत्या.

मित्रांनो, मला कळलं होतं. दोन कड्यांना एकच ओढ लागली की दोरीला कळतं. पण मला तोंड नाही.

( )

ही कडी रिकामी आहे.

पुन्हा चौदावी

पाळणाघरात आल्यावर मावशीने पाण्याचे सोळा पेले भरले. पंधरा उचलले गेले.

"हा कोणाचा गं राहिला?" मावशीने विचारलं.

ताईने त्या पेल्याकडे पाहिलं आणि मला जमिनीवर टाकून ती धावत सुटली.

पुढचं मी नंतर ऐकलं. खिसाला चमकणारं बटण मिळालं होतं. ते खिशात टाकून तिने मान वर केली तर कोणीच नव्हतं. ती रडली नाही. कोपऱ्यापुढे बसथांबा होता आणि आई बस चालवते हे तिला ठाऊक होतं. ती थांब्यावर जाऊन मोठ्या माणसांच्या रांगेत उभी राहिली. दोन गाड्या आल्या, त्यात आई नव्हती. तिसऱ्या गाडीचं दार उघडलं.

चालकाच्या जागेवरून एका बाईने थांब्याकडे पाहिलं, तर रांगेत तिची स्वतःची मुलगी उभी.

गाडी थेट पाळणाघरासमोर येऊन थांबली. प्रवासी खिडक्यांतून पाहत होते. तिकडून ताई रस्ते धुंडाळून घामाघूम होऊन परतत होती. बाई मुलीला कडेवर घेऊन उतरली. ओरडायला तिने तोंड उघडलं, पण मुलगी गळ्याला बिलगलेली होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "ताई, मी आज सुट्टीवर असते तर?"

खिसाने बटण काढून ताईला दाखवलं.

पंधरावी कडी

दुपारी मुलं झोपली. ताईने कागद घेतला.

"काय लिहितेस?" मावशीने विचारलं.

"झालं ते."

"मुलगी सापडली ना? कोणाला खरचटलंही नाही. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस? पाळणाघर बंद करतील, मग सोळाही घरी!"

संध्याकाळी बसचालक बाई आली. तिचे डोळे सुजलेले होते. सकाळी जिचा राग मावत नव्हता, तीच आता हात जोडत होती. "ताई, कळवू नका. हे बंद झालं तर मी हिला कुठे ठेवू? पुन्हा आजींकडे? माझी नोकरी जाईल हो."

"नाही कळवलं तर उद्या काय करू?" ताई म्हणाली. "पुन्हा सोळा घेऊन निघू?"

बाई बराच वेळ मुलीच्या केसांतली माती काढत बसली. मग म्हणाली, "लिहा. पण मी तुमच्याबरोबर येणार."

सगळ्यात लांब

परिपत्रक काढणाऱ्या कार्यालयातल्या मॅडमसमोर ताईचा अहवाल होता.

"चूक तुमची आहे, हे मान्य आहे?"

"मान्य आहे," ताई म्हणाली.

"इतर ठिकाणी सोळा सांभाळतातच ना?"

ताईने पिशवीतून मला काढलं. "मॅडम, हे टोक जरा धरता? मी नेहमी इथे असते."

मॅडमनी काहीशा नाराजीने मला धरलं. बसचालक बाई दुसरं टोक घेऊन चालू लागली. टेबलापासून दारापर्यंत मी पाच कड्यांची झाले. दाराबाहेर, बाकावरच्या लोकांपुढून, पाण्याच्या टाकीपलीकडे, मग वळणाआड. इतकी ताणून मी कधी उभी राहिले नव्हते.

"दिसते का मी?" तिकडून आवाज आला.

"नाही," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा तिकडूनच आवाज आला.

"मी मघाशीच एक कडी सोडली. कळलं का?"

मॅडमनी हातातल्या टोकाकडे पाहिलं.

बाई मला गुंडाळत परत आली. "माझ्या गाडीत पाटी आहे, बसून इतके, उभे इतके. तुम्ही उद्या पाटीवरचा आकडा बदललात तर गाडी लांब होत नाही, मॅडम. माणसं दारात लोंबकळतात, एवढंच."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्या म्हणाल्या की पाळणाघर

✂

बंद करणार नाही. पण दुसऱ्या ताईचं पद मंजूर होईपर्यंत मुलं दहाच. ताईला लेखी ताकीद मिळाली. ती तिने मावशीच्या डब्यांच्या फळीवर ठेवली.

मंजुरीला चार महिने लागले. त्या काळात शेवटचे सहाजण घरी होते. बसचालक बाईने अर्धीच पाळी केली, अर्ध्याच पगारावर. सोळाव्या कडीतल्या मुलाची आई कपड्यांच्या धुलाईत कामाला होती. तिने नोकरी सोडली. पुढे जागा झाली तेव्हा तिला कळवलं, पण तोवर धुलाईतली तिची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली होती. ते मूल परत आलं नाही. मित्रांनो, माझ्या गोष्टीतलं हे मला नीट जोडता येत नाही.

मग धाकटी ताई आली. मोठ्या ताईने कात्री घेतली आणि मला गाठीशीच कापलं. दुखलं नाही. सहा कड्यांच्या तुकड्याला आणखी चार लावून तो धाकटीला दिला. आता आम्ही दोघी बहिणी सकाळी दहाला निघतो. खिसा पुढच्या वर्षी शाळेत जाईल. पैलवान अजून काही सोडत नाही. मोठी ताई आता कड्या भरल्या का विचारत नाही. ती दर कोपऱ्यावर थांबते आणि एकेकाला हाक मारते.

माझे धागे सुटू लागलेत. ओली कडी तर जवळजवळ गेलीच. मला फळीवर टाकून दिलं तरी चालेल. पण तुमच्यापैकी काहीजण मोठे होऊन त्या टेबलापाशी बसतील, जिथे किती मुलांमागे किती माणसं आणि किती पैसे, हे ठरतं. लिहिण्याआधी एकदा मला ताणून बघा. माझ्या एका टोकाला ताई उभी आहे. दुसरं वळणाआड आहे, तिथून कोणी दिसत नाही.

ते जरा धरा.