गादीत शिवलेली रजिस्ट्री

नानाजींचा कपाटावर काडीचा विश्वास नव्हता. घरकर्जाचा शेवटचा हप्ता फिटून बँकेने घराच्या खरेदीची रजिस्ट्री परत दिली, तेव्हा एसटीच्या आर्वी डेपोतल्या या निवृत्त मेकॅनिकने ती प्लास्टिकच्या पाकिटासकट आपल्या गादीत घातली आणि बायकोकडून, कोकिळाबाईंकडून, टाके घालून घेतले. "आता माह्या पाठीखालून कोनी काढून दाखवा," म्हणाले.

सोबत आणखी एक कागद होता. नवऱ्याने टाकलेल्या लेकीच्या, सुरभीच्या नावावर घर करणारं मृत्युपत्र, स्वतःच्या हाताने शाईपेनने लिहिलेलं. त्याची दुसरी प्रत नव्हती. लेकीचं शुभकाम म्हणून ते त्यांनी नव्या लाल कापडात गुंडाळून पाकिटाबाहेर, कापसातच ठेवलं. मुलाच्या, मुकेशच्या कानावर जाईल या धास्तीने कोकिळाबाईंखेरीज कोणालाही, खुद्द सुरभीलाही सांगितलं नाही. पोराचा स्वभाव ते ओळखून होते.

आणि एका सकाळी ते उठलेच नाहीत. रीतीप्रमाणे त्यांची गादी तिरडीमागोमाग स्मशानात गेली. कोकिळाबाईंच्या डोळ्यांदेखत गेली, पण तेव्हा शुद्ध कोणाला होती!

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलेला मुकेश पाणी पिता पिता म्हणाला, "आई, रजिस्ट्री कुठं हाय? घर विकून टाकू. सुरभीचं पाहू काईतरी."

कोकिळाबाईंना गादीतले टाके आठवले. त्या अनवाणीच निघाल्या. बायकांनी स्मशानात जायचं नसतं म्हणे. नसेल. लेक रस्त्यावर येत असताना कसली रीत पाळायची?

स्मशानात टाकलेली गादी लगतच राहणाऱ्या जिजाच्या कुंपणावर वाळत होती. कोकिळाबाईंचा जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच.

"मेल्या मानसाची गादी धुतल्याबिगर कशी अंथरू, बाई?" जिजा म्हणाली. "दोन दिस नाल्यात दगडाखाली ठेवली होती. आजच काढली."

कोकिळाबाईंनी आपलेच टाके दातांनी तोडले. ओल्या कापसातून पाकीट निघालं. रजिस्ट्री कोरडी ठणठणीत होती, नानाजींच्या नावासकट. मग लाल कापड उलगडलं. आत कागदाचा लाल लगदा. एक अक्षर उरलं नव्हतं. त्या तिथेच बसून रडू लागल्या.

"माह्या हातून काई खराब झालं का?" जिजाने भीतभीत विचारलं.

"नाई बाई. तुह्यं काई चुकलं नाई."

तेवढ्यात मागोमाग पळत आलेल्या सुरभीने पाकीट पाहिलं आणि आईच्या गळ्यात पडली. "सापडली ना माय! आता काऊन रडतं? घर वाचलं आपलं."

कोकिळाबाईंनी लगद्याची मूठ पदराखाली घेतली. सुरभीने डोळे पुसले, मोबाईल काढला आणि आनंदाने भावाला फोन लावला.

"दादा, रजिस्ट्री सापडली. घेऊन येतो आमी."